आठ हजारांत दोन खोल्या

दिवाळीला महिना-सव्वा महिना उरला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. घर सजवायचं आहे, पैसे थोडे आहेत, काय करू? बहुतेक पत्रांत सोफ्याच्या कापडाचा रंग, पडद्यांचा रंग असे सुटे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं दोन ओळींत देता येतात. या खेपेला मात्र इंदूरहून एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. ते वाचल्यावर वाटलं, या वेळचं सदर या एका पत्रालाच द्यावं. पत्र त्यांचं असलं, तरी घर आपल्यापैकी पुष्कळजणींचं आहे.

घर भाड्याचं. बाहेरची खोली दहा फूट बाय बारा फूट, आतली त्याहून जरा लहान, मागे चिंचोळं स्वयंपाकघर. माणसं चार. यजमानांची नोकरी खाजगी, त्यामुळे बोनसचा भरवसा नाही. बाईंनी भिशीचे आठ हजार रुपये लागले ते तसेच बाजूला ठेवले आहेत. घरमालक भिंतीत खिळा ठोकू देत नाहीत. खिडकीखालच्या भिंतीला तीन वर्षांत दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा त्याच्या खपल्या निघाल्या. सोबत वहीच्या पानावर त्यांनी घराचा नकाशा काढून पाठवला आहे आणि तो इतका नेटका आहे, की त्यावरून मला पुष्कळ गोष्टी कळल्या.

पण खरी गोष्ट पत्राच्या शेवटच्या पानावर आहे. मोठी मुलगी नववीत आहे. ती मैत्रिणींकडे अभ्यासाला जाते, वाढदिवसांना जाते. पण आजवर एकीलाही तिनं घरी आणलेलं नाही. आईनं विचारलं तर म्हणते, आपल्याकडे बसणार कुठे? म्हणून या दिवाळीला बाहेरच्या खोलीसाठी हप्त्यानं सोफासेट घ्यावा का, असं बाईंनी विचारलं आहे.

ताई, सोफा घेऊ नका, हे आधीच सांगून टाकते. दहा बाय बाराच्या खोलीत दिवाण, लोखंडी कपाट, शोकेस आणि टीव्हीचं टेबल आहे. त्यात तीन अधिक दोनचा सोफा आला तर माणसांनी आडवं होऊन चालायचं. शिवाय पुढची दोन वर्षं दर महिन्याला हप्ता भरायचा. तुमच्या नकाशात मला दुसरीच एक गोष्ट दिसली. मुलीची पुस्तकं कुठे आहेत? फ्रिजवर. दप्तर कुठे? दाराआडच्या खुंटीला. ती अभ्यास कुठे करते? दिवाणावर, टीव्हीसमोर. आणि दिवाणाच्या बरोब्बर वर, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कपड्यांची वळणी. मैत्रीण आली तर तिला बसवायचं ते या वळणीखाली. पोरीचं म्हणणं खोटं नाही. खर्च करायचा तर तो तिथून सुरू करू.

आधी बाहेर काढा

पहिला आठवडा बाजारात जायचंच नाही. एका रविवारी बाहेरच्या खोलीतलं हलण्याजोगं सगळं सामान आतल्या खोलीत न्या आणि रिकामी खोली एकदा डोळे भरून पाहा. मग एकेक वस्तू परत आणताना स्वतःला विचारा, ही इथे का? बंद पडलेला मिक्सर, पाय मोडलेली खुर्ची, तीन वर्षांची रद्दी, लग्नात आलेली आणि वेष्टनही न काढलेली घड्याळं यांचा मुक्काम आपल्या सगळ्यांच्या घरात असतो. महाराष्ट्रात भंगारवाला, तुमच्याकडे कबाडीवाला. त्याला एकदाच बोलवा. त्यातून येणारे दोन-तीनशे रुपये त्या आठ हजारांत घाला.

शोकेसबद्दल थोडं कडक बोलते. काचेच्या कपाटात कपबश्यांचा सेट, शाळेच्या ढाली, प्लास्टिकची फुलं, ताजमहाल आणि दोन बाहुल्या एवढं सगळं एकत्र ठेवलं, की पाहणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. दोन कप्पे पूर्ण रिकामे करा. ते आपल्याला मुलीच्या पुस्तकांसाठी हवे आहेत. ढाली ठेवा, त्या मुलांच्या कष्टाच्या आहेत. प्लास्टिकच्या फुलांना मात्र निरोप द्या. त्यांच्यावरची धूळ कुठल्याच पाण्यानं नीट जात नाही.

वळणी खोलीतून गेलीच पाहिजे. गॅलरी असेल तर छताला दोरीवर वरखाली होणारा कपडे वाळवायचा स्टँड लावता येतो, पण त्याला छिद्रं पाडावी लागतात आणि तुमच्याकडे ती परवानगी नाही. म्हणून घडीचा, जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्या. रात्री आतल्या खोलीत पंख्याखाली उघडायचा, सकाळी मिटून कपाटामागे. एवढ्या एका बदलानं खोलीचं छत दोन फूट वर गेल्यासारखं वाटेल.

खिडकीखालच्या खपल्या

आता त्या भिंतीकडे वळू. तिथे पैसे वाया जाण्याची भीती सर्वांत जास्त आहे.

भिंतीला ओल कुठे दिसते, त्यावरून ती कुठून येते याचा पुष्कळ अंदाज करता येतो. जमिनीलगत सगळ्या भिंतीभर दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा दिसला, तर पाणी जमिनीतून वर चढतंय. छताजवळ डाग असतील तर गच्चीकडे पाहा. न्हाणीघराच्या पलीकडच्या भिंतीला पोपडे आले असतील, तर नळाची पुरलेली पाइप किंवा फरशीचे सांधे तपासा. तुमची ओल फक्त खिडकीखाली आहे. आणि नकाशात त्याच खिडकीत तुम्ही चौकोन काढून ‘कूलर’ असं लिहिलं आहे!

माळव्यातल्या उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही, हे खरं. पण बाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेल्या कूलरच्या जाळ्यांतून ठिबकणारं पाणी, टाकी भरताना सांडणारं पाणी हे सगळं चार महिने त्याच भिंतीवर पडत राहतं. वीट ते पिते. मग पाणी आतल्या बाजूनं वाळताना विटेतले आणि गिलाव्यातले क्षार बरोबर घेऊन येतं. पृष्ठभागावर पांढरी भुकटी दिसते, तिला आपण लोणा लागला म्हणतो. हे क्षार रंगाखाली साठले की ते रंगाला ढकलून बाहेर काढतात. रंगारी चांगला होता की वाईट, रंग महाग होता की स्वस्त, याचा इथे फारसा संबंध राहत नाही.

अर्थात इथे बसून मी छातीठोकपणे कूलरच दोषी, असं म्हणणार नाही. एक सोपी परीक्षा करा. खपल्या काढलेल्या जागेवर एक फूट लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर ओल भिंतीच्या पोटात आहे. खोलीकडच्या बाजूला दिसले, तर खोलीतली हवाच दमट आहे आणि खिडक्या उघड्या ठेवण्याची गरज आहे. भिंतीच्या पोटात ओल निघाली तर कूलरची टाकी रिकामी करा, कूलर काढून ठेवा आणि पुढच्या उन्हाळ्यात स्टँड भिंतीपासून दूर सरकवून, खाली सांडपाण्याची नळी लावूनच तो बसवा. उन्हाळा सरल्यावरही कूलर खिडकीत तसाच राहतो, असं पुष्कळ घरांत दिसतं. तो काढला की निम्मी अडलेली खिडकी मोकळी होते आणि खोलीत फुकटचा उजेड येतो, हा आणखी एक फायदा.

भिजलेली नऊ इंची विटेची भिंत आठ दिवसांत वाळत नाही. तिला महिने लागतात. म्हणून या दिवाळीला त्या पट्ट्यावर डिस्टेंपर, प्लास्टिक पेंट किंवा ऑइलपेंट अजिबात लावू नका. सुटलेला गिलावा खरवडा, लोणा कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुऊ नका. धुतलेले क्षार पुन्हा भिंतीत शिरतात. मग तेवढ्या भागाला भिजवून तयार केलेल्या चुन्याचे दोन हात द्या. चुना स्वस्त आहे आणि त्याच्यातून भिंतीची वाफ बाहेर पडू शकते. जुन्या रंगावर तो धरत नाही, म्हणून खालचा रंग नीट खरवडलेला हवा. चुन्याचं काम करताना लहान मुलाला दूर ठेवा आणि डोळे सांभाळा. वर्षभरानं भिंत वाळली की तिथेही बाकीच्यासारखा रंग देता येईल.

घरमालकाशी बोलताना

भाड्याच्या घराला आपण आपल्या पैशानं रंग का द्यायचा, असा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो मनात असणारच. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये भाडेकरारासाठी एक नमुना कायदा मंजूर केला. त्याच्या जोडलेल्या यादीत घराची मूळ बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, पाइप आणि विजेची वायरिंग ही कामं मालकाकडे दिली आहेत. नळ्या-मोऱ्यांची सफाई, बटणं आणि सॉकेटची दुरुस्ती, खिडकीची फुटलेली काच ही भाडेकरूकडे. करारात वेगळं लिहिलं असेल तर मात्र करार लागू. आणि हा नमुना आहे, राज्यांनी तो स्वीकारला तरच तिथे तो कायदा होतो. म्हणून मालकांपुढे कायद्याचं पुस्तक नाचवू नका. पण वाजवी वाटणी काय असते, हे आपल्याला माहीत असलं की बोलायला धीर येतो.

मी असं सुचवेन. यजमानांनी आणि तुम्ही मिळून मालकांकडे जा. कूलरचा स्टँड आम्ही आमच्या खर्चानं बदलतो, मजुरी आमची, रंगाचं सामान तुम्ही द्या किंवा पुढच्या भाड्यातून वळतं करा, असं सांगा. होकार मिळाला तर एका कागदावर दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या. अकरा महिन्यांचा करार पुन्हा करायच्या वेळी हा विषय काढला तर तो अधिक लवकर मिटतो. नकार आला तरी हरकत नाही. आपल्या हिशेबात रंगाचे पैसे धरलेलेच आहेत.

दारं आणि खिडक्यांबद्दल एक सावधगिरीची सूचना. घर जुनं असेल तर त्यांच्यावरच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांची खात्री देता येत नाही. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ हवेत उडते आणि ती लहान मुलांना फार वाईट. म्हणून पाण्याचा पॉलिश पेपर वापरून, पृष्ठभाग ओला ठेवून घासा, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरा आणि ती गुंडाळून टाकून द्या. त्या दिवशी मुलांना मावशीकडे पाठवलंत तर उत्तम. खरं तर दारांचा रंग टिकून असेल तर या वर्षी साबणाच्या पाण्यानं पुसून भागवा.

रंग किती, कोणता

बाहेरच्या खोलीचा हिशेब असा. दोन भिंती दहा फुटी, दोन बारा फुटी, म्हणजे चौफेर ४४ फूट. उंची दहा फूट धरली तर ४४० चौरस फूट. दोन दारांचे प्रत्येकी २१ आणि खिडकीचे १६ असे ५८ चौरस फूट वजा केले की सुमारे ३८० उरतात. रंगाच्या डब्यावर एका किलोत किती चौरस फूट भागतात ते छापलेलं असतं. तो आकडा एका हाताचा की दोन हातांचा, तेवढं बघून घ्या. गडबड तिथेच होते. भिंत जुनी आणि खडबडीत असेल तर छापल्यापेक्षा थोडा जास्त रंग लागतो.

छत पांढरंच ठेवा. भिंतींसाठी सायीसारखा, फिक्या बदामी किंवा फिक्या हिरव्या रंगाचा अॅक्रिलिक डिस्टेंपर घ्या. तुमची खिडकी पश्चिमेची आहे. दुपारचं ऊन आत येतं त्या खोलीत पिवळा-केशरी रंग उन्हाळ्यात अंगावर येतो. दुकानातल्या छोट्या पट्टीवरून रंग ठरवू नका. सर्वांत लहान डबा आणून दोन फूट लांबी-रुंदीचा चौकोन भिंतीवर रंगवा, सकाळी पाहा, भर दुपारी पाहा आणि रात्री दिवे लावून पाहा. मगच मोठा डबा आणा.

हल्ली भिंतीवर चिकटवायचे विटांच्या, फुलांच्या चित्रांचे कागद मिळतात आणि ते पाहून मोह होतो. भाड्याच्या घरात ते मला मुळीच पसंत नाहीत. सोडताना कागदाबरोबर खालचा रंग आणि पुट्टीही निघते आणि ती भरपाई अनामत रकमेतून कापली जाते.

दिव्यांची जागा

कमी पैशांत सर्वांत जास्त फरक दिव्यांनी पडतो, आणि आपल्याकडे सर्वांत कमी विचार दिव्यांचाच होतो. भिंतीच्या वरच्या टोकाला एक पांढरी ट्यूब, तिच्या उजेडात स्वयंपाकापासून अभ्यासापर्यंत सगळं. त्या उजेडात माणसाचे चेहरेही फिक्कट दिसतात.

एलईडी बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे पांढराशुभ्र, किंचित निळसर उजेड. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा ऊबदार. ४००० च्या आसपास या दोघांमधला. ट्यूब तशीच राहू द्या, निवडायला-शिवायला ती लागतेच. पण बसण्याच्या कोपऱ्यात २७०० केल्विनचा नऊ वॅटचा एक दिवा डोळ्यांच्या उंचीच्या जरा खाली येईल असा ठेवा. बांबूची किंवा जाड कागदाची शेड, खाली साधा लाकडी ठोकळा, वायरला मध्येच बटण. नऊ वॅटचा दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला १.३५ युनिट वीज जाते. बिलाची भीती नको. संध्याकाळी ट्यूब बंद करून एकदा हा दिवा लावून पाहा, तीच खोली निराळी वाटते. वायर सतरंजीखालून नेऊ नका. पायाखाली ती झिजते आणि कुणाला कळत नाही.

मुलीचा कोपरा

हा सदराचा सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि यात आईनं कमी बोलायचं आहे. कोपरा कुठे हवा, हे मुलीलाच विचारा. माझ्या मते आतल्या खोलीतली खिडकीजवळची जागा बरी. तिथे सध्या धान्याचे डबे आणि पत्र्याची ट्रंक आहे. डबे स्वयंपाकघरात ओट्याखाली जातील. ट्रंक बाहेर आणायची, तिचं काम पुढे सांगते.

घडीचं टेबल किंवा जुन्या बाजारातलं शाळेचं मेज हजार-बाराशे रुपयांच्या आत शोधता येतं. जुनं घेतलंत तर पाय हलतात का, लाकडाला वाळवी लागली आहे का, हे उलटं करून पाहा. लाकडावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला तर सोडून द्या. उजव्या हातानं लिहिणाऱ्या मुलीला दिव्याचा उजेड डावीकडून यायला हवा, डावखुरी असेल तर उजवीकडून. नाहीतर स्वतःच्या हाताची सावली वहीवर पडते. अभ्यासाच्या दिव्यासाठी ४००० केल्विनचा बल्ब ठीक. शोकेसमधले रिकामे केलेले दोन कप्पे तिच्या पुस्तकांना द्या आणि त्यात दुसऱ्या कुणीही काहीही ठेवायचं नाही, असा घरात कायदा करा. धाकट्याला हा कायदा जड जाईल. त्याला शोकेसचा खालचा एक खण द्या म्हणजे भांडणं कमी होतील.

भिंतीवर खिळा नको, तर टेबलावर मागे टेकवून ठेवायची एक मऊ फळी करा: जाड पुठ्ठा किंवा थर्माकोलचा तुकडा, त्यावर जुन्या ओढणीचं कापड ताणून चिकटवलेलं. तिथे ती टाचणीनं वेळापत्रक लावील, मैत्रिणींचे फोटो लावील, कदाचित एखाद्या नटाचाही लावील. लावू द्या.

साड्या, गोधड्या, सतरंज्या

पडद्यांसाठी नवं कापड घेऊ नका. तुमच्याकडे वापरून मऊ झालेल्या सुती साड्या असणारच. त्याचा हिशेब मी मांडून देते. साडेपाच मीटरची साडी म्हणजे सुमारे २१६ इंच लांब आणि साधारण ४५ इंच रुंद. खिडकीच्या वरपासून जमिनीपर्यंत सात फूट, म्हणजे ८४ इंच. वरची दांडीची घडी आणि खालची दुमड यांसाठी आठ इंच जास्त धरून ९२ इंचांचे दोन तुकडे कापा. दोन्ही मिळून १८४ इंच गेले, ३२ इंच उरले. तुमची खिडकी चार फुटी. दांडी दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे आली पाहिजे, म्हणजे पाच फुटी. दोन पडद्यांची रुंदी ९० इंच, दांडीच्या दीडपट. चुण्या छान पडतात. उरलेल्या तुकड्यात सोळा इंची उशीचा एक अभ्रा निघतो आणि पडदे बांधायच्या पट्ट्याही.

कापड पातळ असेल तर जुन्या पांढऱ्या चादरीचं अस्तर लावा, दुपारचं ऊनही अडेल. आजीची रेशमी साडी मात्र पश्चिमेच्या खिडकीला लावायला काढू नका. उन्हानं रेशमाचा धागा कमजोर होतो आणि दोन वर्षांत चिरफळ्या उडतात. दांडीचा प्रश्न तुमच्याकडे खिळ्याचा आहे. खिडकीची चौकट लाकडी असेल तर त्यात छोटे आकडे बसवायला बहुतेक मालक हरकत घेत नाहीत, विचारून पाहा. तेही नको म्हणाले तर दोन भिंतींच्या मध्ये दाबून बसणारी स्प्रिंगची दांडी मिळते. ती खिडकीच्या आतल्या खोबणीत बसते, फक्त मग पडदे खिडकीपुरतेच होतील.

आता ती ट्रंक. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली, चुना दिलेल्या पट्ट्यासमोर, भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून ठेवा. हवा खेळती राहिली की भिंत वाळायला मदत होते. ट्रंकेवर पातळ गादी, त्यावर घरात शिवलेली गोधडी. दोन मुली आरामात बसतील आणि ट्रंकेत हिवाळ्याचे कपडे राहतील. गोधडी बैठकीला वापरायला लाजू नका. मोठ्या शहरांतल्या दुकानांत हाताच्या टाक्यांच्या गोधड्या चांगल्या दामानं विकल्या जातात.

दिवाणावर घालायला मात्र एक नवी चादर घ्या, आणि ती तुमच्याच भागातली घ्या. धार जिल्ह्यातल्या बागची ठशांची छपाई तुमच्यापासून लांब नाही. लाल आणि काळा, एवढ्या दोन रंगांत ती खोलीचं रूप बदलते. हाताच्या ठशांची आहे की यंत्राची, हे ओळखायचं तर नक्षीचे सांधे पाहा. हातानं ठसा मारला की कुठेतरी केसभर पुढेमागे होतंच. प्रत्येक फूल तंतोतंत सारखं असेल तर ते यंत्राचं. पहिल्या दोन-तीन धुण्यांत वेगळी धुवा, रंग सुटतो. हैदराबादकडच्या वाचकांना पोचमपल्लीची इक्कत मिळते. तिच्यात सूत विणण्याआधीच रंगवलेलं असतं, त्यामुळे नक्षी उलट्या बाजूनंही तितकीच दिसते. मागची बाजू फिकी असेल तर ते नुसतं छापलेलं कापड. जमिनीवर सोलापूरची किंवा पानिपतची सुती सतरंजी पुरे.

भिंतीवर काही लावायचं राहिलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. कपाटावर किंवा शोकेसवर एकच मोठी चौकट टेकवून ठेवा. घरातले जुने, काळेपांढरे फोटो असतील तर त्यांच्या प्रती काढून घ्या आणि त्या लावा. मूळ फोटो उजेडापासून दूर, पाकिटात. बाटलीत मनीप्लांट लावणार असाल तर पाणी दर आठवड्याला बदला आणि बाटली आतून घासा. डेंग्यूचे डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतात आणि त्यांना डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

पैसे कुठे गेले

रंग, चुना, पुट्टी, ब्रश आणि रोलर यांना दोन हजार. रंग घरच्यांनी द्यायचा, रंगारी लावला तर हा हिशेब मोडतो. टेबल, त्याचा दिवा आणि मऊ फळी यांना दीड हजार. बैठकीचा दिवा आणि बल्ब सातशे. पडद्यांची शिलाई, अस्तर आणि दांडी हजार. बागची चादर, ट्रंकेवरची गादी आणि एक सतरंजी अठराशे. कपड्यांचा स्टँड यातच बसत नाही. त्याला वेगळे नऊशे धरा. झाले सात हजार नऊशे. भाव गावोगाव निराळे असतात, शे-दोनशे इकडेतिकडे होतील. कबाडीवाल्याचे पैसे आणि मालकांनी रंगाचं सामान दिलं तर ते दोन हजार हाताशी राहतील. ते लगेच खर्च करू नका. संक्रांतीपर्यंत त्या खोलीत राहून पाहा, मग काय कमी आहे ते आपोआप कळतं.

क्रम मात्र चुकवू नका. कूलर या रविवारी काढा. पुढच्या रविवारी सामान बाहेर आणि भिंत खरवडणं. तिसऱ्या आठवड्यात चुना आणि रंग, चौथ्यात पडदे आणि दिवे. मुलीचं टेबल मात्र यातल्या कशासाठीही थांबवू नका, ते याच आठवड्यात आणा.  आणि रंगाच्या दुकानात जाताना ३८० चौरस फुटांचा तो हिशेब चिठ्ठीवर लिहून न्या. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो किती डबे, हाच. अंदाजानं सांगितलं की एक डबा उरतो आणि पुढची पाच वर्षं माळ्यावर वाळत पडतो.